स्ट्रायपर हा बँड कोणत्या क्रमाने ऐकावा

स्ट्रायपर या अमेरिकन ख्रिस्ती मेटल (जोरकस गिटार-ड्रमचे रॉक संगीत) बँडकडे नव्याने वळणाऱ्या श्रोत्याने त्याचे अल्बम पहिल्यापासून ओळीने ऐकत जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीत १९८३ मध्ये या नावाने उभा राहिलेला हा बँड मध्यंतरी सुमारे अकरा वर्षे थांबला होता, तरीही आज त्याच्या नावावर चार दशकांचे काम आहे. त्यातील सर्वांत कसदार भाग उत्तरार्धात आहे; सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांचा कच्चेपणा ऐकून जो श्रोता बँड बाजूला ठेवतो, तो या भागाला मुकतो.

सुरुवात १९८६ च्या ‘टू हेल विथ द डेव्हिल’ या अल्बमने करावी. अमेरिकेत त्याला प्लॅटिनम मानांकन मिळाले, आणि त्यातील ‘ऑनेस्टली’ हे संथ गीत बिलबोर्डच्या हॉट १०० या अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत २३ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. हे गीत मात्र तूर्त वगळावे आणि शीर्षकगीत व ‘फ्री’ ही दोन गाणी हेडफोन लावून लागोपाठ ऐकावीत. बँडचा गायक व गिटारवादक मायकेल स्वीट आणि दुसरा गिटारवादक ऑझ फॉक्स हे दोघेही सोलो (गाण्यात मध्येच येणारी गिटारची स्वतंत्र सुरावट) वाजवतात. ते आधी आळीपाळीने वाजवतात आणि मग एकच सुरावट दोन वेगवेगळ्या उंचीवर जोडीने नेतात. पहिल्या वेळी वरची ओळ कानात धरून ठेवावी, दुसऱ्या वेळी खालची, आणि तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र ऐकाव्यात. ही जोडगिटार या बँडची खरी ओळख आहे, आणि ती एकदा कानात बसली की पुढील कोणत्याही अल्बममध्ये सहज सापडते. (या अल्बममधील बास बँडच्या टिम गेन्सने नव्हे, तर ब्रॅड कॉब याने वाजवला आहे.)

त्यानंतर एक पाऊल मागे जाऊन १९८५ च्या ‘सोल्जर्स अंडर कमांड’चे शीर्षकगीत ऐकावे. शक्य असल्यास जुन्या मैफलीचे चित्रीकरणही पाहावे, कारण मायकेलचा भाऊ रॉबर्ट स्वीट आपला ड्रमसंच प्रेक्षकांना आडवा मांडतो आणि त्यामुळे त्याचे हातपाय कसे चालतात ते पूर्ण दिसते. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा पेहरावही तेथेच पाहायला मिळेल. बँडच्या नावाखाली लिहिलेला यशया ५३:५ हा संदर्भ मराठी बायबलमध्ये काढून वाचावा. इंग्रजीत ‘स्ट्राइप्स’ या एकाच शब्दाचे पट्टे आणि फटके असे दोन्ही अर्थ होतात, म्हणून पट्ट्यांचा आणि त्या वचनातील फटक्यांचा संबंध लगेच ध्यानात येईल. मैफलीत हे वादक प्रेक्षकांकडे नव्या कराराच्या प्रती भिरकावत असत. त्यांच्यावर टीका दोन्हीकडून झाली: मेटलच्या चाहत्यांना हा धर्मप्रचार वाटला, तर चर्चमधील अनेकांना हे संगीतच सैतानी वाटले. ज्या जिमी स्वॅगर्ट यांची दूरचित्रवाणीवरील प्रवचने पाहून स्वीट बंधू श्रद्धेकडे वळले, त्यांनीच पुढे या बँडचा जाहीर निषेध केला. ही कोंडी माहीत असली म्हणजे गीतांतील ठाम, प्रसंगी बाळबोध वाटणारा सूर समजून घेता येतो.

१९८८ चा ‘इन गॉड वी ट्रस्ट’ गुळगुळीत आहे. तो एकदा ऐकून पुढे जाण्यास हरकत नाही. १९९० च्या ‘अगेन्स्ट द लॉ’ला मात्र सावकाश वेळ द्यावा. या अल्बमसाठी त्यांनी पट्टे उतरवले आणि गीतांतून श्रद्धेचा उघड उल्लेख काढून टाकला. जुने चाहते दुरावले, नवे फारसे मिळाले नाहीत आणि १९९२ मध्ये मायकेल बाहेर पडला. त्या वादामुळे त्यातील वादनाकडे दुर्लक्ष झाले, हा मला या कारकिर्दीतील मोठा अन्याय वाटतो, कारण गिटारचा इतका मोकळा आणि दमदार आवाज त्यांनी तोवर काढलाच नव्हता.

२००३ मध्ये बँड पुन्हा एकत्र आला. या कालखंडात शिरण्यासाठी २०११ चा ‘द कव्हरिंग’ उपयोगी पडतो: त्यात जूडास प्रीस्ट, आयर्न मेडन, ब्लॅक सॅबथ, व्हॅन हेलन अशा बँडची बारा गाणी त्यांनी गायली आहेत, आणि मायकेलची वरच्या सप्तकातील किंकाळी व ती जोडगिटार कोणत्या घराण्यातून आली हे एका बैठकीत उमगते. मग २०१३ चा ‘सेकंड कमिंग’ घ्यावा. त्यात जुनी चौदा गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केलेली आहेत, म्हणून ‘सोल्जर्स अंडर कमांड’ची १९८५ ची आणि २०१३ ची आवृत्ती लागोपाठ लावून पाहावी. आवाजाची कोवळीक गेली आहे, पण रिफला (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठळक तुकड्याला) वजन आले आहे, आणि ड्रमचा प्रत्येक आघात स्वच्छ ऐकू येतो.

२०१३ चाच ‘नो मोअर हेल टू पे’ आणि २०१५ चा ‘फॉलन’ हे दोन अल्बम मी या बँडचे शिखर मानतो. ते तुकड्यांत न ऐकता सलग ऐकावेत. २०१८ च्या ‘गॉड डॅम इव्हिल’च्या नावावरून वाद झाला, तरी ते नाव म्हणजे देवाने दुष्टतेचा नाश करावा ही प्रार्थनाच आहे. त्याच वर्षी ऑझ फॉक्स मंचावर कोसळला आणि त्याच्या मेंदूत गाठी असल्याचे निष्पन्न झाले. तरीही २०२० च्या ‘इव्हन द डेव्हिल बिलीव्हज’पासून २०२४ च्या ‘व्हेन वी वेअर किंग्ज’पर्यंत तो वाजवत राहिला आहे, म्हणून हे अल्बम ऐकताना त्याच्या सोलोंकडे मुद्दाम लक्ष द्यावे.

२००५ चा ‘रीबॉर्न’ सर्वांत शेवटी ठेवावा. त्यात गिटार खालच्या पट्टीत उतरवलेल्या आहेत, सोलो फार कमी आहेत आणि ध्वनी त्या काळच्या आधुनिक रॉकचा आहे. बाकीचे सर्व ऐकून झालेल्या श्रोत्यालाच त्याचे वेगळेपण नीट जोखता येते.