पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि अंगावरचं दूध: हॉस्पिटलमधे या चुका टाळा

ऑगस्ट 2020 ला पुण्यात माझं सिझर झालं. आदल्या दिवशीचा कोरोनाचा स्वॅब पॉझिटिव्ह आलेला, त्रास काहीच नव्हता, साधा खोकला पण नाही, पण बाळ लांबूनच दाखवलं आणि वरच्या मजल्यावर नेलं, आई गेटवर डबा घेऊन उभी, तिला आत सोडेनात, आणि तिकडे बाळाला पहिल्या दिवसापासून पावडरचं दूध सुरू. पाचव्या दिवशी लेकरू हातात आलं तर ते ओढेचना, नुसतं रडायचं.

पहिली चूक माझीच, पॉझिटिव्ह म्हणजे पाजायचं नाही असं धरून मी गप्प बसले. जागतिक आरोग्य संघटना 2020 मधेच सांगत होती की पॉझिटिव्ह आईने पाजावं, बाळ जवळच ठेवावं, फक्त स्वतः मास्क लावायचा आणि बाळाला हात लावायच्या आधी साबणाने हात धुवायचे (बाळाला मास्क नाही लावायचा). त्यामुळे बाळ नेत असतील तर स्पष्ट विचारा, का नेताय, किती वेळ, आणि माझं दूध काढून देता येईल का. हा तिसरा प्रश्न मी विचारलाच नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडली. बाळ जवळ नाही तर कशाला काढायचं म्हणून मी दूध काढलंच नाही. अहो दूध जेवढं निघतं तेवढं पुढे बनतं, साठून राहिलं की शरीर बनवणं कमी करतं! चौथ्या रात्री छाती दगडासारखी झाली, तेव्हा रात्रपाळीच्या सिस्टर पीपीई किटमधे, शील्डवर वाफ धरलेली, तरी शेजारी बसल्या आणि करून दाखवलं. अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या जरा मागे ठेवायची, आधी आत छातीकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची आणि सोडायचं, कातडीवर घासायचं नाही. स्टीलच्या चमच्यात थेंब पडताना बघून मला रडूच आलं. हे डिलिव्हरीनंतर लवकरात लवकर सुरू करायचं आणि दर 2-3 तासांनी, रात्री पण. सुरुवातीला पिवळा चिकट चीक थेंबथेंबच येतो, तो फेकू नका, पहिल्या दिवशी बाळाला एका वेळेला चमचाभरच लागतं.

म्हणूनच दुसऱ्या दिवशीच "हिला दूधच नाही" असं ठरवू नका. भरपूर दूध उतरायला 3-4 दिवस जातात, सिझरमधे कधी अजून थोडे, आणि सुरुवातीला बाळाचं वजन थोडं उतरतंच. पाचव्या दिवसापासून 24 तासात 6 वेळा तरी शू झाली तर साधारण पोटात जातंय असं समजा, शू कमी, बाळ सुस्त किंवा खूप पिवळं वाटलं तर लगेच डॉक्टरांना सांगा.

वरचं द्यावंच लागलं तर बाटली नको म्हणा, वाटी-चमच्याने द्या. बाटलीची सवय लागली की अंगावर यायला बाळ कुरकुर करतं, माझ्या लेकाने तेच केलं.

पाजताना नुसतं निपल तोंडात द्यायचं नाही, खालचा काळा भाग पण बराचसा आत गेला पाहिजे, नाहीतर चिरा पडतात. सिझरच्या टाक्यांवर भार नको म्हणून बाळाचे पाय आपल्या काखेखालून मागे घ्या. छाती कडक असेल तर आधी थोडं काढून मऊ करा मग पाजा. ताप आणि लाल चट्टा आला तर डॉक्टर, पण पाजणं बंद नाही.

फोनवरून मध, गुटी, पाण्याचे सल्ले येतील, 6 महिने यातलं काहीच नको, आणि मध तर वर्षाचं होईपर्यंत नको.

माझं बाळ नीट अंगावर प्यायला 19 दिवस लागले, तोवर रोज उघड्या छातीवर घेऊन बसायचे, भूक लागायच्या जरा आधी, आणि पावडर रोज थोडी थोडी कमी केली, डॉक्टरांना विचारून आणि वजन बघत.