नाशिकहून पोर्तुगालच्या खेड्यात: आधी भाड्याचं घर, मग जमीन

हातात चार पैसे आले की नाशिककराला पहिली आठवते ती जमीन. पोर्तुगालच्या खेड्यात राहायला जायचं तर हा क्रम उलटा करावा लागतो. तिथे दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी घर विकत घेतलेलं असण्याची गरज नाही, बारा महिन्यांचा नोंदवलेला भाडेकरार चालतो. आणि वर्षभर राहिल्याशिवाय कुठल्या गावात उन्हाळ्यात पाणी टिकतं, कुठल्या घराच्या भिंती हिवाळ्यात घामेजतात, कुठल्या डोंगराला आग लागते हे कळत नाही. फुंदाऊं, कोविल्यां, कास्तेलो ब्रांको या आतल्या पट्ट्यात दगडी घरं स्वस्त दिसतात. ती स्वस्त का आहेत, याचं उत्तर एका वर्षात मिळतं.

कागद नाशिकमध्येच नीट करा

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावावरून. आपल्याकडे नावाला तीन भाग, दाखल्यावर आडनाव आधी, लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं, आणि जुन्या जन्मनोंदीत तर कधीकधी बाळाचं नावच नाही. बाहेरच्या अधिकाऱ्याला ही तीन वेगळी माणसं वाटतात. पासपोर्ट, जन्मदाखला आणि विवाहनोंदणीचा दाखला शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. नोंदीत नाव नसेल तर ते आधी महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत घालून घ्या. नावातला बदल राजपत्रात प्रसिद्ध झालेला असेल तर ती प्रतही जोडा.

मग अपोस्टिल, म्हणजे आपला कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून त्यावर घ्यायचं प्रमाणपत्र. भारत हेग अपोस्टिल करारात 2005 पासून आहे, त्यामुळे वकिलातीच्या शिक्क्यांची जुनी साखळी लागत नाही. मात्र जन्म आणि विवाहाच्या दाखल्यावर आधी राज्याचं प्रमाणन आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, हा क्रम पाळावा लागतो. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून मिळतो, पण तो सगळ्यात शेवटी काढा. तो ताजा, साधारण तीन महिन्यांच्या आतला मागतात. अनेक जण उत्साहाने तो पहिल्यांदा काढतात आणि बाकीचे कागद होईपर्यंत शिळा करून बसतात.

उत्पन्न कोणतं चालतं

पेन्शन, घरभाडं, व्याज किंवा लाभांशावर जगणाऱ्यांसाठी डी-7 व्हिसा आहे. निकष तिथल्या किमान वेतनाला बांधलेला आहे. 2025 मध्ये ते महिना 870 युरो होतं, 2026 साठी 920. मुख्य अर्जदाराला पूर्ण रक्कम, जोडीदाराला तिच्या निम्मी, प्रत्येक मुलाला 30 टक्के. म्हणजे नवरा-बायको आणि एक मूल असेल तर 920 + 460 + 276, महिन्याला 1,656 युरो. वर्षाचे 19,872 होतात, आणि साधारण तेवढी शिल्लक बँकेतही दिसलेली बरी. घरून संगणकावर काम करून पगार घेणाऱ्यांनी या रांगेत उभं राहू नये. त्यांच्यासाठी डी-8 आहे आणि त्याची अट किमान वेतनाच्या चौपट आहे.

शेतकऱ्यांची गाडी इथेच रुतते. शेत खंडाने दिलंय, पैसे दरवर्षी येतात, पण व्यवहार तोंडी, कारण कागद केला तर कूळ लागेल ही भीती. तोंडी खंड व्हिसा अधिकाऱ्याच्या लेखी उत्पन्नच नाही. त्यापेक्षा शहरातल्या फ्लॅटचा नोंदणी केलेला लीव्ह अँड लायसन्स करार आणि दर महिन्याला बँकेत जमा होणारं भाडं हा पुरावा कितीतरी भक्कम.

पैसे पाठवताना

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. झटका बसतो तो टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक गोळा करते त्या कराचा. शिक्षण-उपचार सोडून इतर कारणासाठी वर्षात 10 लाखांवर जी रक्कम जाते, तिच्यावर बँक 20 टक्के कापते. 30 लाख पाठवले तर वरच्या 20 लाखांवर 4 लाख. विवरणपत्र भरल्यावर ते वळते होतात, पण तोवर अडकलेले असतात. ही मर्यादा माणशी आणि वर्षागणिक असते. पती-पत्नीने आपापल्या खात्यातून, थोडे मार्चमध्ये आणि थोडे 1 एप्रिलनंतर पाठवले तर कपात बरीच घटते. तिथे स्थायिक व्हायला निघाल्यावर साधं बचत खातं एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासींच्या रुपया खात्यात, बदलून घ्यावं लागतं. हे काम नाशिकच्या शाखेत समोर बसून एका दिवसात उरकतं, लिस्बनमधून ईमेलवर दोन-दोन महिने चालतं.

मागे राहिलेली जमीन

अनिवासी झाल्यावर भारतात नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची किंवा वारशाने आलेली ठेवता येते. म्हणून वारसनोंद, वाटणी, फेरफार हे जाण्याआधी उरकून सातबारा स्वच्छ करा. भावाच्या नावे मुखत्यारपत्र करायचं असेल तर तेही इथल्या दुय्यम निबंधकाकडे नोंदवून जा. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र तिथे प्रमाणित करून पाठवावं लागतं आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. ती मुदत हमखास हुकते. पीएम-किसानचे हप्ते घेत असाल तर थांबवा, अनिवासी त्यात बसत नाहीत. आणि आधारला जोडलेलं सिमकार्ड रोमिंगसकट चालू ठेवा. बँक, आयकर, ई-पीक पाहणी, सगळं शेवटी त्या ओटीपीपाशी येऊन थांबतं.

पोचल्यावर

व्हिसा चार महिन्यांचा असतो. त्या मुदतीत आइमा या स्थलांतर कार्यालयात जाऊन निवासपरवाना काढायचा, पहिला दोन वर्षांचा, पुढचा तीन. करक्रमांक, म्हणजे नीफ, भाडेकराराच्याही आधी लागतो, तो भारतात असतानाच काढून ठेवता येतो. गावपातळीवरचं ऑफिस म्हणजे जुंता द फ्रेगेझिया, आपल्या ग्रामपंचायतीसारखं. रहिवासाचा दाखला तिथूनच. तिथल्या बाईंशी पोर्तुगीजमध्ये चार शब्द बोलता आले की अर्धी कामं हलतात. तात्पुरत्या परवान्याच्या मुदतीत सलग सहा महिने किंवा तुटक मिळून आठ महिने बाहेर राहिलात तर परवाना धोक्यात येतो. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला नाशिकला यायचं आणि माल उतरवून मार्चअखेर परतायचं, हा बेत म्हणूनच जमत नाही.

निफाडच्या थंडीची सवय असली तरी तिथली थंडी वेगळी, कारण ती घरात असते. ग्रॅनाइटच्या जाड भिंती नोव्हेंबरात गार पडतात त्या मार्चपर्यंत. त्यात कुकरच्या शिट्ट्यांची वाफ थंड भिंतीवर बसते आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. स्वयंपाक करताना खिडकी चार बोटं उघडी, कपाट भिंतीपासून वीतभर दूर, आणि लाकडाच्या शेगडीत किमान वर्षभर वाळलेलं ओकचं सरपण. ओलं लाकूड ऊब कमी देतं, धुराडं काजळीने भरतं आणि ती काजळी एक दिवस पेटते. वीज 230 व्होल्टचीच आहे, मिक्सर बिनदिक्कत चालतो. तीन जाड पिनांच्या प्लगला मात्र अर्थिंगसह ॲडॉप्टर हवा. कुकरच्या दोन-तीन रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बॅगेत टाका. गोडा मसाला न्या, पण साजूक तूप आणि पेढे नकोत. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. पेरायचं बियाणंही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नाही.

जमीन बघताना

सातबारा वाचता येणाऱ्याला इथे खरा फायदा आहे. पोर्तुगालमध्ये मालमत्तेचे दोन कागद असतात: कर खात्याची कादेर्नेता प्रेदियाल आणि नोंदणी कार्यालयाची सेर्तिदाओ पेर्मानेन्त. दोन्ही मागवा आणि क्षेत्रफळ, चतुःसीमा, मालकांची नावं ताडून बघा. जुळत नसतील तर ती दुरुस्ती विकणाऱ्याकडून आणि विसाराच्या आधी. बहुतेकदा घोळ आपल्यासारखाच असतो: आजोबा गेले, वारस फ्रान्समध्ये, नोंद कुणी केली नाही. एका वारसाची सही राहिली तरी व्यवहार लटकतो.

कागदावर ‘रुस्तिको’ असेल तर ती शेतजमीन, ‘उर्बानो’ असेल तर बांधकामाची. रुस्तिको तुकड्यावर उभी असलेली दगडी खोली अवजारांची असते. ती दाखवून ‘घर होईल’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. शब्दावर जाऊ नका, नगरपालिकेतून लेखी उत्तर घ्या, आणि जमीन राखीव शेती किंवा राखीव पर्यावरण क्षेत्रात येते का हेही त्याच वेळी विचारा.

आणखी एक बाब आपल्याकडच्यांना चकवते, शेजाऱ्याचा अग्रहक्क. तुकडा ठरावीक शेती-एककापेक्षा, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा, लहान असेल तर लगतच्या शेतमालकाला तो त्याच भावात आधी घेण्याचा हक्क असतो. विकणाऱ्याने त्याला किंमत आणि अटी कळवायच्या, उत्तराला आठ दिवस. कळवलंच नाही तर व्यवहार समजल्यापासून सहा महिन्यांत तो कोर्टात जाऊन, तुमचीच किंमत भरून जमीन स्वतःकडे घेऊ शकतो. शेजाऱ्यांना पाठवलेल्या रजिस्टर्ड पत्रांच्या पोचपावत्या बघितल्याशिवाय नोटरीसमोर बसू नका. विसार साधारण 10 टक्के असतो. तुम्ही माघार घेतली तर तो बुडतो, विकणारा फिरला तर दुप्पट परत देतो. रुस्तिकोवर 5 टक्के हस्तांतरण कर आणि 0.8 टक्के मुद्रांक धरा.

विहीर मे महिन्यात बघायची हे सिन्नरच्या माणसाला सांगावं लागत नाही. तिथला मे म्हणजे ऑगस्टची अखेर. पाऊस ऑक्टोबर ते एप्रिल, आणि जून ते सप्टेंबर कोरडा ठाक. पिकाला पाणी हवं तेव्हाच बोअर खाली गेलेला असतो. फेब्रुवारीत ओसंडून वाहणारा झरा दाखवून जमीन विकली जाते. पंप दोन तास सलग चालवा, पातळी किती उतरली आणि किती वेळात भरली ते लिहून ठेवा.

द्राक्षाचं ज्ञान नेता येतं, वेळापत्रक नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी ही आपली युक्ती, कारण इथे वेल झोपतच नाही. तिथे थंडीत वेल खरोखर सुप्त जातो, पानं गळतात, छाटणी एकदाच, जानेवारी-फेब्रुवारीत, आणि काढणी ऑगस्टअखेरपासून. डोळे फोडायला आपण लावतो ते हायड्रोजन सायनामाइड युरोपीय संघात मंजूर नाही, आणि तिथे त्याची गरजही नाही. घाई करून डिसेंबरात छाटलं तर फूट लवकर निघते आणि उशिराच्या गोठत्या दवात जळते. वाइनची द्राक्षं लावायची तर 2016 पासून लागवडीचा परवाना लागतो. घरच्यापुरती 10 गुंठ्यांपर्यंत सूट आहे.

आगीचं मात्र तिथल्या पहिल्याच दिवशी समजून घ्या, भाडेकरू असलात तरी. जून 2017 मध्ये पेद्रोगाऊं ग्रांदेच्या वणव्यात 66 माणसं गेली, त्यातली बरीच पळून जाताना रस्त्यावर गाडीतच. त्यामुळे घराभोवती 50 मीटरपर्यंत गवत-झुडपं साफ करावीच लागतात, नेहमीची मुदत 30 एप्रिल. दोन झाडांच्या घेरांत 4 मीटर अंतर, पाइन आणि निलगिरी असेल तर 10 मीटर, आणि कुठलीही फांदी घरापासून 5 मीटरच्या आत नको. आपल्याकडे बांधावर काडीकचरा पेटवून द्यायची सवय असते. तिथे नगरपालिकेला कळवल्याशिवाय काडी ओढायची नाही, आणि उन्हाळ्यात तर परवानगी मागायलाही जाऊ नका. छाटणीच्या काड्या यंत्रात बारीक करून वेलीखाली पसरा. गावात असं यंत्र कुणाकडे असतं, हे जुंताच्या बाईंना ठाऊक असतं.