चिखलातून आल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर

पावसाळ्यात चाळकेवाडीच्या पठारावर किंवा बामणोलीकडच्या कच्च्या वाटांवर फोर बाय फोर फिरवून आणल्यानंतर पुणे-बंगळूर महामार्गावर ताशी ७०-८० किलोमीटरला स्टिअरिंग थरथरू लागते, आणि बहुतेक जण थेट व्हील बॅलन्सिंगला जातात. त्याआधी रिमची आतली बाजू पाहावी. तिथे एकाच अंगाला थापून वाळलेला तांबड्या मातीचा गोळा चाकाचा तोल बिघडवायला पुरेसा असतो, आणि हौसेने बसवलेल्या रुंद रिममध्ये तो अधिकच साचतो.

१. गाडी सपाट जागी उभी करून स्टिअरिंग एका टोकापर्यंत वळवावे, म्हणजे पुढच्या चाकाची आतली बाजू हाताला लागते.

२. माती पाण्याने भिजवून दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यावी आणि मग लाकडी पट्टीने खरवडावी. लोखंडी उलथन्याने रिमवर ओरखडे पडतात आणि तोलासाठी चिकटवलेल्या वजनपट्ट्याही निघून येतात.

३. गाडी अर्धे चाक फिरेल एवढी पुढे घेऊन उरलेला भाग साफ करावा. ही पायरी बहुतेकांकडून राहून जाते, आणि अर्धेच साफ झालेले चाक पूर्वीपेक्षा जास्त थरथरू शकते.

४. मागची चाकेही तपासावीत.

घाट उतरून आल्या आल्या मात्र चाकांवर पाणी मारू नये. तापलेल्या ब्रेक डिस्कवर थंड पाणी पडल्यास ती वाकण्याची भीती असते, म्हणून तासभर थांबावे.