खिशात चाकू ठेवताय? इंदूरकरांनी या चुका टाळा

रात्रपाळीची माणसं, भंवरकुआंच्या कोचिंगमधून उशिरा खोलीवर परतणारी मुलं-मुली, 'सोबत काहीतरी असावं' म्हणून घडीचा चाकू घेतात. पण बरेचजण घेतात तो नेमका नको तो.

म्हणजे बटनाचा. दाबला की खटकन पातं बाहेर! मध्य प्रदेशात हाच अंगाशी येतो. राज्याच्या 1974 च्या अधिसूचनेप्रमाणे 6 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचं हत्यार सार्वजनिक जागी विनापरवाना बाळगता येत नाही, आणि बटनाच्या चाकूला तर मापाची सवलतच नाही. बोटाएवढं पातं असलं तरी शस्त्र कायदा लागतो. 'साहब, फल काटने का है' म्हणून सुटका होत नाही. नेटवर 9 इंचांची मर्यादा वाचून लोक निर्धास्त होतात. ती केंद्राच्या नियमातली, इथल्या रस्त्यावर तिच्या भरवशावर राहू नका. हाताने उघडायचा, तीनेक इंच पात्याचा साधा चाकू पुरे. रंगपंचमीची गेर, अनंत चतुर्दशीच्या झांक्या, निवडणुका अशा वेळी कलम 163 चे (जुनं 144) आदेश निघाले असतील, तर तोही घरीच ठेवा.

दुसरी चूक लॉकची. बिनलॉकचा चाकू टोकावर जोर पडला की मिटतो, आणि मिटतो तो आपल्याच बोटांवर. दुकानातच उघडून, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून, पात्याची पाठ लाकडावर हलकेच दाबून बघा. लॉक सुटलं तर घेऊ नका, कितीही स्वस्त असो. चांगला चाकूसुद्धा खिशात राहून बिघडतो. सांध्यात कपड्याचं सूत आणि धूळ बसते, लॉकची पट्टी पात्याच्या बुडाशी पुरती सरकत नाही. आवाज मात्र नेहमीसारखाच 'टक्' येतो, म्हणून कळत नाही. जुन्या टूथब्रशने साफ करा, तेलाचा एक थेंब सोडा, उरलेलं पुसून टाका.

आता खरी गोष्ट. बचावासाठी चाकू हे मला तरी कमकुवत साधन वाटतं. तो बॅगेच्या तळाशी, टिफिनखाली असतो; उघडायला शांत हात लागतात आणि समोरचा हातभर अंतरावर आल्याशिवाय उपयोग नाही. तेवढ्या अंतरावरून तो हिसकावलाही जातो. 'नुसता दाखवून घाबरवू' ही सगळ्यात घातक कल्पना, कारण समोरच्याकडेही चाकू असू शकतो. पेपर स्प्रे निदान लांबून मारता येतो (वाऱ्याची दिशा आणि डब्यावरची मुदत बघा). पळायला जागा असेल तर पळा, ओरडा, 112 लावा.

कायदाही तेच बघतो. भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण कलम 37 म्हणतं, बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा नको. मोबाइल हिसकावून पळालेल्याच्या पाठीत वार केलात तर त्याला बचाव म्हणणं वकिलालाही जड जाईल.

विमानाने जाताना चाकू केबिन बॅगेत राहू देऊ नका, तो जप्त होतो. आणि रात्री तपासणीत पोलिसांनी थांबवलं तर घाईघाईने खिशात हात घालू नका. हात दिसतील असे ठेवा, चाकू कुठे आहे ते आधी तोंडाने सांगा आणि तो त्यांनाच काढू द्या.