लसीच्या अटीमुळे कुटुंबाची क्रूझ रद्द करावी का? निर्णय घेण्याची एक रीत

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाला वाटेत बदलणारे नियम नवे नाहीत. जुलै २०२१ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातून कर्नाटकात येताना लसीच्या एका डोसचे प्रमाणपत्र चालत होते. त्याच महिन्याच्या अखेरीस निघालेल्या आदेशाने लस घेतलेली असो वा नसो, ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल सर्वांना सक्तीचा झाला. कोल्हापूरला बारशाला गेलेली आमच्या घरातली माणसे परतताना हातात प्रमाणपत्र असूनही सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर अडकली होती. नियम ऐकला की तो कुणाचा आहे आणि कोणत्या तारखेचा आहे, हे दोन प्रश्न आधी विचारायचे, ही सवय मला त्या दिवसापासून लागली. क्रूझचे पैसे भरून झाल्यावर लसीची अट समोर येते आणि घरात ‘जायचे की रद्द करायचे’ यावरून वाद सुरू होतो, तेव्हा याच दोन प्रश्नांनी सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे.

पहिली गोष्ट, नियम कुणाचा ते शोधा. क्रूझमध्ये अट तीन ठिकाणांहून येऊ शकते: जहाज कंपनीकडून, वाटेत ज्या देशांच्या बंदरांना जहाज लागणार त्या देशांकडून, आणि परतताना आपल्या भारत सरकारकडून. तिकीट काढून देणारा एजंट बहुधा पहिल्याबद्दल सांगतो, दुसऱ्याबद्दल अर्धवट सांगतो आणि तिसऱ्याचा त्याला विसर पडतो. कोविडच्या काळात जहाज कंपन्यांची अट सर्वांत कडक होती आणि त्याला कारणही तसेच होते. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात थांबवून ठेवलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाजावर ३,७११ माणसे होती आणि त्यांतल्या सातशेहून अधिक जणांना लागण झाली. जेवणाचे दालन, लिफ्ट आणि जिने सामायिक असलेल्या ठिकाणी आजार किती वेगाने पसरतो, हे तिथे साऱ्या जगाने पाहिले. आज बहुतेक जहाजांवर कोविड लसीची सक्ती उरलेली नाही. त्यामुळे कुणी तुम्हाला ‘लस लागते’ एवढेच सांगितले, तर कोणती लस, हे लेखी विचारून घ्या, कारण निम्मे वाद जुन्या नियमाच्या ऐकीव माहितीवर चाललेले असतात.

आज कुटुंबांना खरोखर अडवणारी अट बहुधा पिवळ्या तापाच्या (यलो फीव्हर) लसीची असते आणि ती बंदरांच्या यादीतून येते. जहाज केनियातल्या मोंबासाला लागणार असेल, तर प्रश्न दोन होतात. मोंबासानंतर सेशेल्ससारख्या देशात उतरताना हे प्रमाणपत्र मागितले जाते; आणि भारतात परतताना, पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशातून आलेल्या प्रवाशाकडे वैध प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. तेच जहाज फक्त सिंगापूर, पेनांग आणि फुकेत करून येणार असेल आणि तुम्ही थेट भारतातून जाणार असाल, तर हा प्रश्न उद्भवत नाही. म्हणून बंदरांची यादी क्रमासह कागदावर लिहून काढा. तीच दोन बंदरे उलट्या क्रमाने असली, तर उत्तर बदलू शकते.

दुसरी गोष्ट, घरातल्या प्रत्येक माणसाची स्वतंत्र ओळ लिहा. ‘आमच्या घरात सगळ्यांना लस झाली आहे’ हे वाक्य या कामी निरुपयोगी आहे. पिवळ्या तापाची लस जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची असते आणि ती कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर वाढवलेली असते, त्यामुळे अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांना ती देत नाहीत. सहा महिन्यांखालच्या बाळाला ती देता येत नाही आणि सहा ते नऊ महिन्यांच्या बाळालाही सहसा देत नाहीत. कर्करोगाचे उपचार चालू असलेले किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांना ती टाळावी लागते. साठीच्या पुढच्या माणसाने पहिल्यांदाच ही लस घ्यायची असेल, तर गंभीर दुष्परिणामाचा धोका तरुणांपेक्षा अधिक असतो. आजी-आजोबांच्या पंचाहत्तरीसाठी अख्खे घर निघाले असेल आणि ज्यांच्यासाठी निघालो त्यांनाच ही लस धोक्याची असेल, तर खरा निर्णय इथेच होतो. अशा वेळी आजीला सगळ्यांच्या देखत ‘तुमच्यामुळे राहतंय’ असे वाटू देऊ नका. त्यांना डॉक्टरांकडे एकटे न्या, औषधांची पूर्ण यादी दाखवा, आणि डॉक्टरांना सहलीचे पैसे किती भरले आहेत ते सांगू नका. त्यांनी फक्त प्रकृती पाहून सांगावे.

वैद्यकीय कारणाने लस न घेण्याचे पत्र मिळू शकते, पण समोरच्या देशाचा अधिकारी ते मान्य करीलच, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. केवळ त्या पत्राच्या भरवशावर सत्तरीच्या माणसाला परदेशी बंदरावर उभे करू नये.

मुलांच्या बाबतीत आपल्या भागात एक खास अडचण येते. लहानपणीच्या लसींची नोंद बहुधा सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या तायी कार्डावर असते (कन्नडमध्ये तायी म्हणजे आई), आणि तिथले नाव कन्नडमधून इंग्रजीत गेलेले असते. पासपोर्टवर मात्र मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी आपली रीत असते. शाळेच्या दाखल्यावर आद्याक्षरे पुढे येतात. तिन्ही कागदांवर तीन नावे झाली, की लस प्रत्यक्ष झालेली असूनही ती ‘सिद्ध’ होत नाही. शिवाय सरकारी वेळापत्रकात गोवर आणि रुबेला यांची एमआर लस आहे, गालगुंडाचा घटक तिच्यात नाही. कुठल्याही अर्जात एमएमआर (गालगुंडाचा घटकही असलेली लस) असा शब्द असेल, तर मुलाला दोन्हींपैकी नेमके काय दिले आहे, ते बालरोगतज्ज्ञांकडून इंग्रजीत, पासपोर्टवरच्या नावाने लिहून घ्या. या कामाला एक-दोन आठवडे सहज जातात.

तिसरी गोष्ट, दिवस मोजा. पिवळ्या तापाचे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते. जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालते, त्यामुळे पूर्वी घेतलेले जुने पिवळे पुस्तक (या प्रमाणपत्राची पिवळी पुस्तिका) असेल तर ते शोधून काढा. ही लस गावातल्या कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, केंद्र सरकारने मान्य केलेल्या केंद्रांतच मिळते. आपल्याला चोर्ला घाटाने गोव्यात उतरून मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात जाता येते, किंवा मुंबईतल्या केंद्रात. पण लसीची कुपी अनेक जणांची असल्याने बऱ्याच केंद्रांत ठरावीक वारीच ती देतात, म्हणून वेळ आधी ठरवून मगच गाडी काढा. मुलाला नुकतीच एमआर दिली असेल, तर दोन जिवंत लसी एकाच दिवशी द्याव्या लागतात किंवा मध्ये चार आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते. हे सगळे दिवस दिनदर्शिकेवर मांडले, की ‘अजून दोन महिने आहेत’ म्हणणाऱ्या घराला आपल्या हातात प्रत्यक्षात तीनच आठवडे आहेत, हे दिसते.

त्याच दिनदर्शिकेवर आणखी एक तारीख लाल शाईने लिहा: रद्द करण्याचा पुढचा टप्पा. क्रूझ कंपन्या निघण्याचा दिवस जवळ येईल तसा अधिक वाटा कापून घेतात. समजा सहा जणांचे सहा लाख भरले आहेत. आज रद्द केले तर दीड लाख जातील आणि पुढच्या सोमवारनंतर तीन लाख जातील. मग घरातली चर्चा त्या सोमवारच्या आत संपली पाहिजे, कारण आठवडाभर रेंगाळण्याची किंमत दीड लाख आहे. आधी गेलेले पैसे या हिशेबात धरू नका. ते गेलात तरी गेले आणि राहिलात तरी गेले. आज रद्द केल्यास परत किती, पुढच्या टप्प्यावर किती, आणि गेल्यास अजून किती खर्च (लस, मुंबईचे विमान, व्हिसा, विमा), या तीन आकड्यांवर नजर ठेवा.

सगळ्यांनी राहायचे की एकानेच, हा प्रश्न याच्याही पुढचा आहे आणि इथे अनेक जण चुकतात. केबिनचे भाडे पहिल्या दोन प्रवाशांवर बेतलेले असते, तिसरा आणि चौथा स्वस्तात येतो. त्यामुळे दोघांच्या केबिनमधून एक जण गेला, तर उरलेल्याला जवळजवळ पूर्ण केबिनचे पैसे पडू शकतात. चौघांच्या केबिनमधून आजी कमी झाल्या, तर तिसऱ्या माणसाला पहिल्या दोघांचा महाग दर पडू शकतो. रद्द करण्याआधी ‘एक व्यक्ती कमी केल्यास नवे बिल’ लेखी मागवा. नाव बदलून आजींच्या जागी भाचा जाऊ शकतो का, किंवा तारीख बदलून वेगळ्या बंदरांची सफर घेता येते का, तेही त्याच पत्रात विचारा. पुढच्या सफरीसाठी जमा रक्कम देऊ केली, तर तिची मुदत कधी संपते ते पाहा. विम्यावर फार भिस्त ठेवू नका: अट आधीपासून ठाऊक होती किंवा मन बदलले, या कारणांसाठी साधा प्रवास विमा सहसा पैसे देत नाही.

घरातल्या एखाद्याला प्रकृतीची अडचण नसूनही लस नको असेल, तर त्याच्याशी भांडण करण्याऐवजी एकच विचारा: सफर नसती, डॉक्टरांनी तुझ्या भल्यासाठी सांगितले असते, तर घेतली असती का? उत्तर ‘हो’ असेल, तर राग सक्तीचा आहे आणि तो बोलून निवळतो. उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या माणसाला ढकलू नका. त्याच्याशिवाय जायचे की सर्वांनीच राहायचे, हे बाकीच्यांनी ठरवावे आणि त्याच्यावर पुन्हा बोलू नये. आणि ‘टोचून न घेता नुसता कागद’ मिळवून देतो म्हणणारा कुणी भेटला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. तो गुन्हा आहे, आणि आपल्या लेकरांच्या नावाने खोटा वैद्यकीय कागद तयार करणे मला कुठल्याही सहलीपेक्षा मोठे पाप वाटते.

कंपनीने बुकिंगनंतर अट वाढवली असेल, तर बाजू वेगळी होते. बुकिंगच्या दिवशीच्या अटींचे छायाचित्र आणि नंतर आलेला ई-मेल, दोन्ही तारखांसह जपून ठेवा, पूर्ण परतावा लेखी मागा, आणि नकार आला तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारदाराला आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, म्हणजे कंपनीचे कार्यालय मुंबईत असले तरी तुम्हाला बेळगावातच दावा लावता येतो.

रद्द करायचे ठरले, तर फोनवर न सांगता ई-मेल करा आणि पोच मिळेपर्यंत ते झाले असे समजू नका. न झालेल्या प्रवासाचे बंदर शुल्क आणि सरकारी कर परत करण्याची मागणी त्यात वेगळी लिहा. परदेशी सहलीवर कापलेला टीसीएस (बिलासोबतच आगाऊ घेतलेला आयकर) परत आला नाही, तर तो आयकर खात्याकडच्या तुमच्या कराच्या नोंदीत (२६एएस) दिसतो का ते पाहा आणि विवरणपत्र भरताना धरून घ्या.

जायचे ठरले, तर लसीची मूळ पिवळी पुस्तके पासपोर्टसोबत एकाच व्यक्तीच्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा धक्क्यावरच काढून घेतात आणि त्या संध्याकाळी केबिनच्या दारात येतात. प्रमाणपत्र मात्र जहाजावर चढण्याच्या आधीच दाखवावे लागते.