बेल्ट आहे, पण हूक अडकवायचा कुठे?

डिप्लोमा किंवा बी. ई. संपवून साइटवर रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात दोन कामं अंगावर पडतात: सळई मोजणं आणि ‘सगळ्यांनी बेल्ट लावलेत का’, म्हणजे उंचीवरून पडू नये म्हणून घालायचे सेफ्टी बेल्ट, हे बघणं. दुसरं फार सोपं वाटतं. अंगावर पट्टे दिसले की वहीत टिक. पण हार्नेस (खांदे आणि मांड्यांभोवतीचा पट्ट्यांचा बेल्ट) घातलाय आणि हूक मात्र पाठीमागे लोंबतोय, असा सेंटरिंगवाला, म्हणजे स्लॅबचा तात्पुरता साचा लावणारा, रोज दिसेल. त्याच्यावर ओरडण्याआधी त्याच्या आजूबाजूला नजर टाका. हूक अडकवण्याजोगं तिथे काही आहे का? बहुतेक वेळा नसतं. ती जागा करून देणं त्याचं काम नाही, तुमचं आहे, आणि ते सेंटरिंग लागण्याआधीच ठरवावं लागतं.

कुठे अडकवू नये, ते आधी. कॉलमच्या उभ्या सळईला लावलात तर झटक्याने सळई वाकते आणि हूक तिच्या उघड्या टोकावरून निसटतो. सेंटरिंगचा पाइप, प्रॉप (टेकू), बांबू, कंड्युट (वायरिंगची नळी), पाण्याची लाइन, खिडकीची चौकट, यांतलं काहीही चालत नाही. अमेरिकी नियमात एका माणसामागे अँकरची, म्हणजे हूक अडकवायच्या जागेची, ताकद २२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोन टन मागतात. माणूस ८० किलोचा असला तरी झटका ८० किलोचा नसतो, म्हणून. पक्क्या झालेल्या कॉलमभोवती गुंडाळलेला पट्ट्याचा स्लिंग (फास) हा साइटवरचा सगळ्यात भरवशाचा अँकर. कोपऱ्यांवर रबराचे तुकडे ठेवा, नाहीतर काँक्रीटची धार पट्टा कापते. वायररोपची आडवी लाइफलाइन, म्हणजे हूक अडकवायचा तारेचा दोर, बांधणार असाल तर १२ मिमी दोराला प्रत्येक टोकाला किमान ३ बुलडॉग क्लिपा (दोराचं दुमडलेलं टोक आवळणाऱ्या), त्यांच्यात सुमारे ७ सेंमी अंतर, आणि क्लिपेचं खोबणीचं अंग ताण घेणाऱ्या दोरावर, मोकळ्या शेपटावर नव्हे. हे उलट लावलेलं इतक्या ठिकाणी दिसतं की तेच बरोबर वाटू लागतं. दोर तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणू नका. जितका ताठ, तितका पडताना टोकांवरचा जोर वाढतो. तो कितपत सैल ठेवायचा आणि एका दोरावर किती माणसं, हे डिझायनरकडून लिहून घ्या.

आता गणित. नवखेच काय, जुने सुपरवायझरही इथे चुकतात. लॅनयार्ड, म्हणजे हार्नेस आणि हूक जोडणारी दोरी, १.८ मीटरचा. त्यातलं झटका शोषणारं पाकीट उसवलं की आणखी साधारण १.२ मीटर लांबी मिळते. काही पाकिटं १.७५ मीटरपर्यंत उसवतात, लेबलवर आकडा असतो. हार्नेसच्या पाठीवरच्या डी-रिंगपासून (लॅनयार्ड जिथे जोडतात ती कडी) तळपायापर्यंत दीड मीटर. शिवाय पायाखाली १ मीटर मोकळी जागा धरायची. बेरीज साडेपाच मीटर, तीही अँकरपासून खाली. पहिला स्लॅब जमिनीपासून ३ मीटरवर असतो आणि हूक बहुधा पायाशीच लावलेला असतो. म्हणजे बेल्ट पूर्ण ताणला जाण्याआधीच माणूस जमिनीवर आदळतो. तीन मीटर पडायला पाऊण सेकंद लागतो आणि वेग ताशी २७ किलोमीटरच्या वर जातो. सायकलवरून एवढ्या वेगाने भिंतीवर डोकं आपटल्यासारखंच ते. विसाव्या मजल्यावर जागा भरपूर असते असं समजू नका, तिथेही खालच्या मजल्याचा छज्जा ३ मीटरवरच असतो.

म्हणून कमी उंचीवर माणसाला पडू देऊन झेलण्याचा विचार सोडा. त्याला कडेपर्यंत पोचूच न देणारी आखूड दोरी लावा, किंवा डोक्यावर अँकर मिळत असेल तर आपोआप गुंडाळली जाणारी रिट्रॅक्टेबल लाइन वापरा. आणि सगळ्यात आधी कठडा. वरचा पाइप १ ते १.१ मीटरवर, एक मधोमध, खाली पायाशी १५ सेंमीची टो-बोर्डची फळी. कठड्याच्या उभ्या पाइपांसाठीचे सॉकेट कडेच्या शटरिंगलाच (साच्याच्या फळीलाच) बसवून घ्या, म्हणजे स्लॅब भरतानाही कडा उघडी राहत नाही. लाल-पांढरी पट्टी म्हणजे कठडा नाही. नायलॉनची दोरी तर नाहीच. कठडा ९० किलोच्या जोराला टिकायला हवा. दणकट मुकादमाला सांगा, अंग टाकून बघ.

जीव घेण्यात कडेइतकीच स्लॅबमधली भोकं पुढे असतात. डक्ट (पाइप नेण्यासाठीची उभी पोकळी), प्लंबिंगचं कटआउट, लिफ्टचा खड्डा. यात एक ठरलेली चूक आहे. भोकावर प्लायवूड टाकून ठेवतात. दोन दिवसांनी कुणाला प्लाय लागतो, तो दोन्ही हातांनी उचलून समोर धरतो आणि एक पाऊल पुढे टाकतो. प्लायमुळे त्याला समोरचं भोक दिसतच नाही. उपाय स्वस्त आहे. स्लॅबच्या सळयांची जाळी डक्टमधून तशीच सलग जाऊ द्या, काँक्रीट फक्त बाजूंनी भरा, आणि सळया पाइपाचं काम सुरू होईल त्याच दिवशी कापा. वरचं झाकण खिळ्यांनी किंवा अँकर बोल्टने स्लॅबला ठोकलेलं असावं, भोकापेक्षा सगळीकडून मोठं, लाल रंगवलेलं, आणि त्यावर ‘नीचे गड्ढा है’ असं हिंदीतही लिहिलेलं. तुमच्या साइटवरचे निम्मे लोक बिहार, झारखंड, बंगालचे असतील. मराठी पाटीने तुमचं समाधान होईल, त्यांचं नाही. लिफ्टच्या प्रत्येक दाराला वेल्डमेशचं फाटक हवं आणि खड्ड्यात ठरावीक मजल्यांवर आडवा पक्का प्लॅटफॉर्म. फाटक किंवा कठडा कुणी सामान घ्यायला काढला तर वहीत नाव, वेळ, परत लावल्याची सही. हे न पाळणारा पहिला माणूस बहुधा तुमचाच वरिष्ठ असेल. त्याचंही नाव लिहा.

इमारतीभोवतीची हिरवी जाळी सुरक्षा जाळी नाही. ती धूळ आणि खडी अडवते, माणूस तिच्यातून सरळ खाली जातो. वर ती परांचीवर शिडासारखा वारा घेते, त्यामुळे जाळी लावली की परांचीचे इमारतीला बांधलेले टाय जास्त लागतात. आणि होतं नेमकं उलट, कारण प्लास्टरवाल्याला टाय आडवा येतो म्हणून तो काढून टाकतो. उभा पाइप मातीवर थेट टेकवू नये. खाली १५ सेंमीची चौकोनी बेसप्लेट आणि तिच्याखाली रुंद फळी. चालायच्या फळीचं टोक आधाराच्या बाहेर ५ सेंमीहून कमी नको, आणि फार बाहेरही नको, नाहीतर टोकावर पाय पडला की फळी उचकते. भिंत आणि परांची यांतली फट ३० सेंमीच्या आत ठेवा. बाहेरच्या बाजूला कठडा बघून सगळे निर्धास्त होतात आणि माणूस आतल्या बाजूने जातो.

मे महिन्यात एमआयडीसीच्या शेडवर पत्रे दुरुस्त करायची घाई सुरू होते, ती गोष्ट वेगळी नाही. जुना सिमेंटचा पत्रा दिसायला पक्का, पण पायाखाली काचेसारखा फुटतो. उजेडासाठीचा फायबरचा पत्रा धुळीने आणि रंगाने बाकीच्यांसारखाच दिसतो. बोल्टच्या रेषेवरून चाललं की चालतं, हा समज घातक आहे. किमान ४५ सेंमी रुंद फळ्या टाकूनच वर जायचं, शक्य असेल तर खालूनच काम करायचं.

हार्नेस घालताना मांडीचे पट्टे सैल ठेवायची सवय सगळ्यांनाच असते, कारण बसता येत नाही. पट्टा आणि मांडी यांत सपाट तळवा जावा, मूठ नव्हे. डबल लॅनयार्डचा मोकळा हूक हार्नेसच्याच धातूच्या रिंगेत अडकवू नका. तसं केलं की शोषक पाकीट बाजूला पडतं आणि झटका थेट शरीराला बसतो. नुसता कमरेचा पट्टा पडताना मणका आणि पोट चिरडतो, त्यामुळे तो गोदामातूनही काढून टाका.

हार्नेसने झेललेला माणूस हवेत लटकत राहतो आणि पायात रक्त साचून काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो. अग्निशमन दलाची वाट बघण्याइतका वेळ नसतो. शिडी, बूम लिफ्ट किंवा रेस्क्यू किट कुठे आहे आणि रात्रीच्या स्लॅबला त्याची चावी कुणाकडे आहे, हे सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्येच, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीतच, सांगा. खाली उतरवल्यावर बसवून ठेवा, हा जुना सल्ला आता मानत नाहीत. आडवं झोपवून नेहमीचे प्रथमोपचार करा आणि १०८ ला फोन लावा. पंचनामा आणि चौकशी झाली की तो हार्नेस कात्रीने कापून टाका. नुसता बाजूला ठेवला तर आठवड्याभरात कुणाच्या तरी अंगावर दिसतो.