पिकअप गिअर टाकला की खालून 'टक्क' वाजते? पार्ट घेण्याआधी क्रॉस बघा

गाडी उभी आहे, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि सीटच्या मागून, खालून 'टक्क' असा लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. रिव्हर्स टाकला की परत तसाच, चालू गाडीत अ‍ॅक्सिलेटर सोडून पुन्हा दाबला की परत. बोलेरो पिकअप म्हणा किंवा तसली कुठलीही गाडी, जिचं इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, तिला हा आवाज कधी ना कधी लागतोच, पण आपल्या देवगड-मालवण पट्ट्यात तो लवकर लागतो. बंदरावरून मासळी भरली की क्रेटमधलं बर्फाचं खारट पाणी हौद्यातून गळून सरळ शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब लोखंडी पाइपवर पडतं, त्यात जून ते सप्टेंबर पाऊस, शाफ्टच्या सांध्यांतलं, म्हणजे क्रॉसमधलं, सगळं ग्रीस धुवून जातं आणि मग आतलं लोखंड कोरडं घासत बसतं. क्रॉस म्हणजे अधिक चिन्हासारखा लोखंडी तुकडा, त्याच्या चार टोकांवर टोपीसारखे कप, कपांत बारीक रोलर, आणि हे कप योकच्या, म्हणजे दोन फाट्यांच्या तुकड्याच्या, भोकांत बसतात.

गेल्या आंबा सीझनला आमच्या गाडीला हेच झालं. बाबा एकदा शेजारी बसले आणि एवढंच म्हणाले, "गाडी वाजता, बघ." मी गॅरेजला नेली, तिथे गाडीखाली न जाताच क्लचप्लेट गेली म्हणून सांगितलं, क्लच बदलला, पैसे गेले आणि आवाज होता तसाच. मग घरी खळ्यात गाडी लावून स्वतः खाली झोपलो, हाताने शाफ्ट हलवला आणि दहा मिनिटांत सापडलं, मागचा क्रॉस ढिला. म्हणून कळकळीने सांगतोय, आधी ढिलाई कुठे आहे ते हाताने शोधा, मग खिशात हात घाला.

पहिलं काम जिवाचं. पिकअप उंच असते, नुसतं तपासायला जॅक लावायची गरजच नसते, चारही चाकं जमिनीवर ठेवूनच खाली जाता येतं. सपाट जागा बघा, चारही चाकांना पुढून-मागून लाकडाचे जाड ठोकळे लावा, इंजिन बंद, चावी खिशात. काम करताना मागचं उचलावं लागलं तर जॅकखाली जाड फळी घाला, सारवलेल्या खळ्यात जॅक हळूहळू रुततो, आणि उचलल्यावर गाडी लोखंडी स्टँडवरच टेकवा. जांभ्याच्या चिऱ्यावर टेकवू नका. आपल्याकडे सवय आहे, हाताशी चिरा असतो, उचलला आणि ठेवला. पण जांभा वजनाखाली न सांगता फुटतो आणि तेव्हा आपली छाती खाली असते.

आता आवाज नीट ऐका, कारण प्रत्येक टक्क क्रॉसचाच असतो असं नाही. गिअर टाकताना, जोर देताना-सोडताना एकदाच टक्क, तर शाफ्टचे क्रॉस, सरकता जॉइंट किंवा मागचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधला गिअरांचा गोळा. हळू चालताना चाकाच्या तालात 'चिक चिक चिक' येत असेल तर क्रॉस कोरडा पडलाय, टक्क व्हायच्या आधीची पायरी ही. फक्त खड्ड्यात वाजत असेल तर शाफ्ट सोडा, पाट्यांचे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचे, बुश, शॅकल, शॉकअप बघा. फक्त वळताना वाजलं तर डिफरन्शियलच्या आतलं काहीतरी. आणि इंजिन चालू-बंद करतानाच धक्का बसत असेल तर इंजिन-गिअरबॉक्सची रबरी माउंटिंग.

खाली जाण्याआधी ठोकळे लावलेत याची परत खात्री करून गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा. प्रत्येक क्रॉसपाशी एक हात शाफ्टच्या पाइपवर, दुसरा पलीकडच्या योकवर, आणि दोन्ही उलट दिशेने पिळा, मग वर-खाली ढकला. शाफ्ट थोडा फिरला आणि दोन्ही बाजू एकत्रच फिरल्या तर ती गिअरांमधली मोकळीक, थोडी असतेच. पण एक बाजू हलली आणि दुसरी थांबून मग हलली, केसाएवढी जरी, तर तो क्रॉस संपला. अजून एक खूण, क्रॉसच्या कपाच्या सीलभोवती तांबूस पूड दिसते, मिसरी सांडल्यासारखी. ती आतल्या बारीक रोलरांची गंजून झालेली पूड असते. आमच्या गाडीत मागच्या क्रॉसवर हीच दिसली.

लांब गाडीत शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि मध्ये सेंटर बेअरिंग, त्याचं रबर फाटलंय का तेही बघा. जिथे एक तुकडा दुसऱ्यात सरकतो तिथले दात कोरडे असतील तर भरलेली गाडी उचलताना आणि ब्रेक मारून थांबताना टक्क येतो, आणि तो नुसत्या ग्रीसनेही जाऊ शकतो, त्यामुळे काही खोलण्याआधी सगळ्या निपलना, म्हणजे ग्रीस गन लावायच्या टोकांना, ग्रीस मारून एक फेरी मारून बघा. अ‍ॅक्सल पाट्यांना बांधणाऱ्या यू-बोल्टचे नटही पान्याने तपासा, खाऱ्या हवेत तिथले आटे खाल्ले जातात आणि ढिले झाले की अ‍ॅक्सल पाट्यावर सरकून वाजतो.

क्रॉसच बदलायचा ठरला तर आदल्या रात्री फ्लँजच्या, म्हणजे शाफ्ट जिथे बोल्टने जोडलेला असतो त्या चकतीच्या, बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. सकाळी सगळ्यात आधी खुणा करा, आणि हे विसरू नका. पांढऱ्या रंगाने फ्लँज आणि योक दोन्हींवर एक रेघ, सरकत्या जॉइंटच्या दोन्ही तुकड्यांवर एक रेघ. शाफ्टच्या दोन टोकांचे योक एकमेकांशी ठरावीक मेळात असतात, जोडताना एक दात जरी इकडे-तिकडे बसला तरी टक्क जाईल पण गाडी थरथरायला लागेल आणि नवीन क्रॉस लवकर खाईल.

बोल्ट काढताना शाफ्टला खालून आधार द्या, लोंबकळू दिला तर सेंटर बेअरिंगचं रबर फाटतं. शाफ्ट बाहेर आला की वायर ब्रश आणि रॉकेल नाहीतर डिझेलने कपांची तोंडं साफ करा, तेव्हा सर्कलिप, म्हणजे कप अडकवून ठेवणाऱ्या लॉकच्या कड्या, दिसतात. डोळ्यांवर चष्मा घालूनच त्या काढा, गंजलेली लॉक उडते तेव्हा दिसतही नाही. मग व्हाइसमध्ये एका बाजूला कपापेक्षा लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला कप आत मावेल एवढं मोठं सॉकेट, आणि हळूहळू दाबत न्या. व्हाइस नसेल तर हातोड्याने होतं पण मार योकवर किंवा कपावरच, पाइपवर नाही, पाइप पातळ असतो, चेपला की बॅलन्स गेला.

जुना कप उघडून बघा, शिकायला मिळतं. आमच्यातल्या एका कपात रोलर म्हणून काही उरलंच नव्हतं, नुसती तपकिरी माती, आणि क्रॉसच्या दांड्यावर रोलरांच्या आकाराच्या बारीक खाचा, नख फिरवलं की कटकट लागत होतं. तेवढ्या खाचांमधली मोकळीक म्हणजे तो टक्क.

नवीन क्रॉस आणायला जाताना जुना बरोबर न्या, गाडीचं मॉडेल सांगून भागत नाही, कपाचा व्यास आणि क्रॉसची लांबी काउंटरवरच मापून घ्या. योकची भोकं बारीक पॉलिश पेपरने साफ करा. नवीन कप नुसत्या बोटाने सैल आत जात असेल तर भोक मोठं झालंय, तिथे नवीन क्रॉस टिकणार नाही, योक बदलावा लागेल.

बसवताना घाई केलीत की हमखास एक चूक होते. कपातले रोलर ग्रीस लावून भिंतीला चिकटलेले, उभे असायला हवेत. एखादा आडवा होऊन तळाला पडला तर कप शेवटपर्यंत जात नाही आणि सर्कलिपची खाच उघडीच होत नाही. अशा वेळी माणूस जोरात हाणतो. हाणू नका, कप बाहेर काढा, रोलर उभा करा, परत बसवा. आणि ग्रीसचं निपल गन लागेल अशाच बाजूला आलंय ना ते कप दाबण्याआधी बघा. सर्कलिप खाचेत पक्क्या बसल्या की योकवर हलके टोले द्या, क्रॉस मोकळा होतो, सगळ्या दिशांना थोडा घट्ट पण न अडकता फिरायला हवा.

मग लिथियमचं इ.पी. २ ग्रीस, चारही सीलमधून नवीन ग्रीस डोकावेपर्यंत. तीनमधूनच आलं तर चौथा कप कोरडाच राहिला, क्रॉस हलवत परत मारा. शाफ्ट खुणा जुळवून चढवा, लॉकचे नट नवीनच घाला, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर एकदा परत तपासा.

सगळे क्रॉस घट्ट निघाले आणि टक्क तरीही येतोय तर डिफरन्शियलचा वरचा, तेल भरायचा बोल्ट उघडा. तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असायला हवं. बोट बुडवून बघा, दुधी दिसलं तर पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी काढताना पाणी आत गेलंय, तेल बदलाच. लोखंडाचे तुकडे बोटाला लागले तर मात्र घरी खोलू नका, क्राउन-पिनियनची, म्हणजे आतल्या दोन मुख्य गिअरांची, मोकळीक डायल गेज लावून ठरवावी लागते, अंदाजाने होत नाही.

क्रॉसमध्ये हाताला जाणवेल एवढी ढिलाई असेल तर पेट्या भरून करुळ किंवा फोंडा घाट चढू नका. पुढचा क्रॉस चालत्या गाडीत तुटला तर शाफ्टचं टोक खाली पडून रस्त्यात रुततं आणि गाडी मागून उचलली जाते. भाडं एक दिवस उशिरा गेलेलं चालेल.

आमची गाडी आता मासळी टाकून आली की त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुतो, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी ग्रीस गन घेऊन खाली जातो. अर्धा तास लागतो.